पाणी कोण प्यायलं?

लहानपणी ऐकलेल्या गोष्टी जरा आठवून पाहा. गोष्टीतलं पाणी कधी नुसतं पाणी नसतं. विहिरीत राक्षस असतो, तळ्याकाठी यक्ष असतो, सात डोंगरांपलीकडे झरा असतो आणि त्यावर नागाचा पहारा असतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहात जीवनजलाची एक गोष्ट आहे. राजा आजारी पडतो, तीन राजपुत्र पाणी आणायला निघतात. थोरले दोघे वाटेत भेटलेल्या बुटक्याशी उर्मटपणे बोलतात आणि डोंगराच्या खिंडीत अडकून पडतात. धाकटा नीट बोलतो, त्याला पाणी मिळतं. आपल्याकडच्या आज्यांच्या गोष्टींतही मामला थोडाफार हाच. तहान, मग पहारा, मग परीक्षा आणि शेवटी पाणी.

आजचा लेख या पहाऱ्याबद्दल आहे. सुरुवात इंग्लंडातल्या एका परीकथेपासून होईल आणि शेवट रायगड जिल्ह्यातल्या महाडला. मधे गोवा, पुणे आणि शोमरोन असे थांबे आहेत. चहा घेऊन बसा.

सिंह आणि झरा

माझ्या टीममध्ये वसईचा एक मित्र आहे. कॅथलिक. घरी सामवेदी बोलतो, ऑफिसात आमच्यासारखंच अर्धं मराठी अर्धं इंग्लिश. दर रविवारी तो चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण शिकवतो. आता आजची मुलं दहा मिनिटंसुद्धा उपदेश ऐकत नाहीत, म्हणून याने एक युक्ती काढली. बीबीसीने १९८८ ते १९९० या काळात 'नार्निया'च्या कादंबऱ्यांवर टीव्ही मालिका केली होती. आजच्या हिशोबाने तिच्यातले स्पेशल इफेक्ट्स अगदीच गरीब आहेत, पण मुलांना आवडते म्हणे. तो तिचे तुकडे दाखवतो आणि मग विचारतो, यात तुम्हाला काय दिसलं?

नार्नियाचे लेखक सी. एस. लुईस. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकवायचे. तरुणपणी नास्तिक होते. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री जे. आर. आर. टॉल्किन ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले) आणि ह्यूगो डायसन या मित्रांबरोबर ते बराच वेळ फिरत बोलत होते. विषय पुराणकथांचा. टॉल्किन यांचं म्हणणं असं की पुराणकथा म्हणजे सुंदर थापा नव्हेत, त्यांत सत्याचा अंश असतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस पक्के ख्रिस्ती झाले. पुढे मुलांसाठी परीकथा लिहिल्या आणि त्यामागचा विचारही सांगितला. धर्माबद्दल अमुकच वाटलं पाहिजे अशी सक्ती झाली की माणसाला काहीच वाटेनासं होतं. तेच परीकथेतून सांगितलं, तर मनाच्या दारावरचा पहारा चुकवून गोष्ट आत शिरते.

मित्राचा लाडका प्रसंग 'द सिल्व्हर चेअर'मधला आहे (पुस्तक १९५३ चं). जिल नावाची मुलगी अनोळखी जंगलात पोचते. घसा कोरडा पडलेला. झरा दिसतो, पण झऱ्याच्या अलीकडे भला मोठा सिंह बसलाय. सिंह म्हणतो, तहान लागली असेल तर ये, पी. ती म्हणते, तुम्ही जरा बाजूला होता का? सिंह हलत नाही. काही करणार नाही असं वचन द्या, म्हटल्यावर वचनही देत नाही. मग ती दुसरा झरा शोधायचं ठरवते, तर तो सांगतो की दुसरा झराच नाही. शेवटी ती जीव मुठीत धरून पुढे होते, गुडघे टेकते आणि ओंजळीने पाणी पिते.

मित्राचा धडा असा. सिंह म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे जीवन. भीती वाटली तरी विश्वास ठेवून पुढे जायचं.

मला प्रसंग आवडला. धडाही पटण्यासारखा आहे. तरी काहीतरी खटकलं. काय खटकलं ते समजायला मला महाड आठवावं लागलं. पण त्याआधी जरा इतिहास.

हे आपल्याकडे जुनंच आहे

गोष्टीत धर्म शोधणं किंवा धर्म गोष्टीत घालून देणं, हे लुईसच्या तीनशे वर्षं आधी मराठीत झालंय. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुईट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि साष्टीत राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची मोठी पंचाईत झाली होती. त्यांची जुनी पुराणं बंद झाली होती आणि त्यांच्या जागी हातात आले होते प्रश्नोत्तरांचे कोरडे धडे. स्टीफन्सच्या ग्रंथातच एक ब्राह्मण श्रोता येऊन सांगतो की, आम्हालाही काहीतरी पुराणासारखं द्या. मग स्टीफन्सने बायबलची सगळी कथा मराठी ओवीत रचली. ते 'क्रिस्तपुराण'. १६१६ मध्ये रायतूरला छापलं, रोमन लिपीत. ओव्या जवळजवळ अकरा हजार. म्हणजे लोकांना धर्माच्या आधी गोष्ट हवी होती, हे त्या परदेशी माणसाला बरोबर कळलं होतं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. नावावरूनच कळतं, डोळ्यांसमोर रामायण होतं.

याच्या बरोबर उलट उदाहरणही आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर हिने १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचा लोककथासंग्रह छापला. दख्खनच्या दौऱ्यात वेळ जाता जात नव्हता, तेव्हा तिच्या आयाने तिला या गोष्टी सांगितल्या. आयाचं नाव ॲना लिबेराता डिसूझा. मूळचं लिंगायत घराणं, पुढे ख्रिस्ती झालेलं. गोष्टी मात्र राक्षसांच्या, राण्यांच्या, कोल्ह्यांच्या, आजीकडून ऐकलेल्या. धर्म बदलला म्हणून आजीच्या गोष्टी काही बदलल्या नाहीत.

तिसरा माणूस पुण्याचा. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये त्यांनी दशावताराच्या गोष्टी घेतल्या आणि उलट्या बाजूने वाचल्या. वामनाने तीन पावलांत बळीला पाताळात घातलं ही गोष्ट आपण वामनाच्या बाजूने ऐकतो. फुल्यांनी विचारलं, जमीन कुणाची गेली? गेली बळीची. मग या गोष्टीचा नायक बळी. आणि दीनदुबळ्यांची बाजू घेणाऱ्या येशूला त्यांनी या बळीच्याच रांगेत नेऊन बसवलं. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, पण गोष्ट वाचायची एक रीत ते शिकवून गेले. धडा काढण्याआधी विचारायचं की ही गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली जातेय.

पहारेकरी काय मागतो?

आता पुन्हा पाण्याकडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने जुनं 'महाभारत' (मूळ प्रक्षेपण १९८८ ते १९९०) परत दाखवलं. आमच्या पिढीने ते पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हाच. त्यात यक्षप्रश्न आहे. तहानलेले पांडव एकेक करून तळ्यावर जातात. यक्ष म्हणतो, आधी उत्तरं दे, मग पाणी पी. चौघे ऐकत नाहीत आणि मरून पडतात. युधिष्ठिर थांबतो, उत्तरं देतो. शेवटी कळतं की यक्ष म्हणजे दुसरं कुणी नसून साक्षात धर्म, म्हणजे युधिष्ठिराचा बापच.

आता एक छोटा तक्ता मनात करा. ग्रिमच्या बुटक्याला हवी नम्रता, यक्षाला हवं ज्ञान आणि धीर, अस्लान सिंहाला हवा विश्वास. परीक्षा कठीण आहेत, पण तिन्ही पास होता येण्यासारख्या आहेत. म्हणून तर त्यांतून धडा निघतो. नम्र राहा, विचार करा, विश्वास ठेवा.

पण पहारेकऱ्याने जन्म विचारला तर?

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा, त्याचा भाऊ आणि भाचे असे वडिलांकडे निघाले. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीत होते. दुष्काळी काम म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता, त्यावर ते खजिनदार होते. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. कपडे छान, नवे. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी सांगितलं, आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. कशीबशी बैलगाडी मिळाली. घरून बांधून दिलेलं जेवण जवळ होतं, पण पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर गाडी थांबली. गाडीवानाने आधीच शिकवून ठेवलं होतं की मुसलमान आहोत म्हणून सांगा. मुलाने उर्दूत, अगदी अदबीने पाणी मागितलं. नाकेदाराने ते दिलं नाही. मुलं भरल्या डब्यासकट उपाशी झोपली. बाप तलाव खोदण्याच्या कामावर आणि मुलांना घोटभर पाणी नाही.

तो मुलगा भीमराव. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलाय.

आता ग्रिमचा धडा या मुलाला सांगून बघा. 'बाळा, नम्रपणे मागितलं की मिळतं.' त्याने नम्रपणेच मागितलं होतं. धीर धर? रात्रभर धरलाच की. विश्वास ठेव? कुणावर? गोष्टीतला चांगला धडा इथे चक्क क्रूर होतो. धड्याचं शब्दरूप तेच आहे, पत्ता चुकलाय. हा धडा तहानलेल्यासाठी नव्हताच. तो नाक्यावर बसलेल्यासाठी होता.

मला खटकत होतं ते हे.

महाड, १९२७

महाड गावात चवदार तळं शोधावं लागत नाही. गावाच्या मधोमध आहे, भोवती घरं, दुकानं, रस्ता. मुंबई-गोवा हायवेवरून गाडी आत वळवली की काही मिनिटांत तुम्ही काठावर. रायगडावर जाणारे ट्रेकर लोक महाडला मिसळपाव खाऊन पुढे जातात आणि बहुतेकांचं तळं राहून जातं. पहिल्यांदा बघताना एवढंच मनात येतं की, एवढ्याशा या पाण्यासाठी?

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काम झालं. (आमच्या भाषेत टिकीट क्लोज.) प्रत्यक्षात एकही अस्पृश्य माणूस तळ्यावर जाऊ शकत नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे हे याच भागातले तरुण कार्यकर्ते तिच्यामागे होते. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळीही बरोबर होती. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, वय पस्तीस. हजारो माणसं पायी आली होती. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर एक तपशील देतात, तो वाचून मी थांबलो. परिषदेला लागणारं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं. गावात भरलेलं तळं आणि पाणी विकत!

२० तारखेला चित्र्यांनी सुचवलं की आता तळ्यावर जाऊ या. चार-चारच्या रांगांनी मिरवणूक निघाली. तळ्यावर पोचल्यावर आंबेडकर खाली उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग बाकीचे. कुणी सिंह नव्हता, यक्ष नव्हता. पाणी गोड होतं की नाही कोण जाणे, नाव तरी चवदार होतं.

मग गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. परतीच्या वाटेवरच्या लोकांना मारहाण झाली, शिजवलेलं अन्न मातीत मिसळलं गेलं. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही.

नंतर तळ्याची शुद्धी झाली. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र. जरा विचार करा. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटतं आणि शेणाने ते शुद्ध होतं. एवढी फँटसी नार्नियातसुद्धा नाही. आणि ही गोष्ट सांगणाऱ्यांना ती गोष्ट वाटत नव्हती, धर्म वाटत होता.

पुढचं भरभर सांगतो. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली. मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. सहस्रबुद्ध्यांनी ठराव मांडला आणि त्या संध्याकाळी मनुस्मृती जाळली. (तारीख नाताळची. त्यात मी काही दैवी संकेत शोधणार नाही, गोष्टीत अर्थ शोधणाऱ्याने कुठेतरी थांबायलाही शिकावं.) तळ्यावर जायला मात्र कोर्टाची तात्पुरती मनाई आली होती. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना बंदी ही पूर्वापार रूढी आहे, असा दावा होता. मग आंबेडकरांनी सत्याग्रह थांबवला. हजारो लोक तळ्याला फेरी मारून परत गेले, पाणी न पिता. दावा चालला तो थेट १७ मार्च १९३७ पर्यंत. त्या दिवशी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं.

डिसेंबरच्या त्या परिषदेतलं आंबेडकरांचं भाषण जरूर वाचा. त्यात ते साधारण असं म्हणतात, की या तळ्याचं पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही आणि आजवर ते न पिताही आम्ही मेलो नाही. इतर धर्माच्या माणसांना, पशुपक्ष्यांना इथे मज्जाव नाही. आम्ही जातोय ते इतरांसारखीच आम्हीही माणसं आहोत हे दाखवायला. पुढे ते या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी करतात.

म्हणजे बघा, पाण्याला अर्थ त्यांनीही दिला. पाणी म्हणजे समता. पण आधी ते पाणी प्यायले, मग अर्थ सांगितला.

शोमरोनची बाई

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, 'मग तू योहान चार वाच.' बायबल माझ्याकडे नव्हतं. त्यानेच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आणून दिलं. (दिब्रिटो वसईचेच. २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ मध्ये गेले.)

गोष्ट अशी. भर दुपारी येशू शोमरोन प्रांतात याकोबाच्या विहिरीवर दमून बसलाय. शिष्य गावात अन्न आणायला गेलेत. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकितच होते. तू यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसं मागतोस? कारण यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानायचे, त्यांच्या भांड्याला शिवायचे नाहीत. मराठी माणसाला याचं स्पष्टीकरण द्यायची गरज पडू नये. मग बोलणं जिवंत पाण्यावर जातं, जे प्यायलं की पुन्हा तहान लागत नाही. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात सांगायला धावत जाते.

दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, इथे वाकणारा माणूस पहारेकऱ्यांच्या बाजूचा आहे. नकार देण्याचा 'मान' ज्याच्या समाजाकडे होता, तोच हात पुढे करून मागतोय. धड्याचा पत्ता इथे बरोबर लागलाय.

दुसरी गोष्ट मी तीनदा वाचून खात्री केली. येशूला पाणी मिळालं का, हे योहान सांगतच नाही! जिवंत पाण्याचं बोलणं सुरू झालं आणि साधं पाणी राहूनच गेलं. मी मित्राला म्हटलं, हीच तर तुमच्या धड्यांची अडचण आहे. तुम्ही पाण्याचा अर्थ सांगता आणि घागर विहिरीवर विसरता.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'याच शुभवर्तमानात एकोणिसावा अध्याय आहे. क्रुसावर तो पुन्हा म्हणतो, मला तहान लागली आहे. तेव्हा त्याला आंब दिली. तहान खोटी नव्हती रे. आम्हीच तिचं लगेच रूपक करून टाकतो.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नको होतं.

ख्रिस्ती समाजाने हा धडा घेतला का? काहींनी घेतला आणि तो महाग पडला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक बराच काळ चालू होता. 'स्मृतिचित्रे'त त्या हे स्वतःवरच हसत हसत सांगतात. आधी जात सुटली, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. पण सगळीकडे असं झालं नाही. भारतातल्या चर्चमध्ये जात शिल्लक राहिली आणि धर्मांतर करूनही ती गेली नाही, यावर आंबेडकरांनी कडक शब्दांत लिहिलंय. विहिरीवरची गोष्ट दर वर्षी चर्चमध्ये वाचली जात होती. गोष्ट माहीत असणं पुरत नाही, हा त्याचा अर्थ.

आनंद आणि प्रकृती

१४ ऑक्टोबर १९५६ ला आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये आला. त्यात त्यांनी एक जुनी बौद्ध कथा घेतलीय, जिच्यावर रवींद्रनाथांनी १९३३ मध्ये 'चंडालिका' नाटक लिहिलं होतं. बुद्धाचा शिष्य आनंद तहानलेला आहे. प्रकृती नावाची मुलगी नदीवर पाणी भरतेय. तो मागतो. ती म्हणते, मी चांडाळाची मुलगी आहे. तो म्हणतो, मला पाणी हवंय, तुझी जात नकोय. आणि ती त्याला पाणी देते.

शोमरोनचीच गोष्ट, नाही का? तहानलेला साधू, पाणी भरणारी बाई, मधे जात. फरक एवढाच की इथे पाणी दिलं गेलंय हे नोंदवलंय. ज्या माणसाने मसूरच्या रस्त्यावर रात्र काढली आणि महाडला ओंजळ भरली, त्याने आपल्या धर्मग्रंथासाठी हीच कथा उचलावी, याचं मला आश्चर्य वाटत नाही. मराठी परंपरेत एकनाथांची गोष्टही याच जातीची. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. देवाचं पाणी गाढव प्यायलं आणि गोष्ट पूर्ण झाली.

तर दोन प्रश्न

गोष्टीतून श्रद्धेचे धडे काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ख्रिस्ती मुलांनी नार्नियातून काढावेत, आपण महाभारतातून काढावेत, कुणी हॅरी पॉटरमधूनही काढावेत. स्टीफन्सला जे कळलं ते खरंच आहे, माणसाला धर्मसुद्धा गोष्टीतूनच कळतो. फक्त धडा पाठ करण्याआधी दोन टेस्ट केस चालवून बघाव्यात.

एक, हा धडा कुणासाठी आहे, तहानलेल्यासाठी की पहारेकऱ्यासाठी? 'धीर धर' हे तहानलेल्याला सांगायला काही लागत नाही. 'बाजूला हो' हे पहारेकऱ्याला सांगायला महाड करावं लागतं. आणि आपण, चांगल्या पगाराचे, आरओचं पाणी पिणारे, बहुतेक गोष्टींत तहानलेले नसतो. सोसायटीत घरकामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवणारी घरं मी पाहिली आहेत आणि तुम्हीही पाहिली असतील. आपण नाक्यावर बसलेलो असतो.

दोन, शेवटी पाणी कोण प्यायलं? जिल प्यायली, युधिष्ठिराचे भाऊ उठून बसले, प्रकृतीने ओतलं, गाढव प्यायलं, महाडला हजारो लोक प्यायले. ज्या गोष्टीत अर्थ भरपूर आणि पाणी कुणालाच नाही, तिच्याकडे जरा संशयाने बघावं.

मित्राने पुढच्या रविवारी वर्गात सिंहाचा प्रसंग पुन्हा दाखवला आणि धडा सांगितलाच नाही. त्याऐवजी मुलांना विचारलं, सिंहाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? एक मुलगी म्हणाली, मी आधी पाणी आणून दिलं असतं, मग बोलले असते.

असो. लेख फार लांबला. रायगडाला जाणार असाल तर वाटेत अर्धा तास काढून चवदार तळ्यावर जा. दर वर्षी २० मार्चला तिथे दुरून दुरून माणसं येतात, म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरं घेतलेले बाप. २० मार्च २०२७ म्हणजे त्या ओंजळीला बरोब्बर शंभर वर्षं. त्या तारखेला जमलं तर उत्तमच.